चंद्र, घुबड आणि लिंबू

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी एकोडीच्या चौरस्त्यावर कापलेले लिंबू, कुंकू आणि बिब्बा पडलेला दिसतो. शाळेत जाणारी मुले त्याला वळसा घालतात, आमची उर्दू शाळेतलीही. मी एकदा विचारले, "हेच लिंबू घरी शरबतात पिळता, तेव्हा भीत नाही का?" मुले हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वळसा घालूनच आली.

वस्तू तीच, अर्थ मात्र माणसाने चिकटवलेला. बिब्बा अंगावर उततो, म्हणून तो दृष्ट जाळेल. अमावस्येला चंद्र दिसत नाही, म्हणून ती रात्र करणीची. घुबड रात्री जागते, म्हणून ते मरणाचा सांगावा आणते. निसर्गाचा एक गुण उचलायचा आणि कुणाच्या तरी नशिबाला जोडायचा, हीच जादूटोण्याची रीत.

इस्लामपूर्व अरबस्तानातही घुबड मेलेल्या माणसाचा आत्मा समजले जाई आणि सफर महिना अशुभ मानला जाई. हुजूर (सल्ल.) यांनी दोन्ही समजुती नाकारल्या. त्यांचे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोकांनी दोन्हींचा संबंध जोडला, तेव्हा कुणाच्या जन्म-मृत्यूसाठी ग्रहण लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. स्वतःच्या पुत्राच्या मृत्यूलाही त्यांनी आभाळाची साक्ष जोडू दिली नाही. खगोलगणितानुसार ते ग्रहण २७ जानेवारी ६३२ चे मानतात. याच गणिताच्या भरवशावर २२ जानेवारी १८९८ रोजी आपल्या विदर्भातल्या तळणीला परदेशी अभ्यासक खग्रास ग्रहणाची छायाचित्रे घ्यायला आले होते.

मग आपण कुठे आहोत? दख्खनी मुसलमानांच्या रीतिरिवाजांवर जाफर शरीफ यांनी लिहिलेला 'कानून-ए-इस्लाम' १८३२ साली लंडनला इंग्रजीत छापला गेला. त्यात सात ग्रह, बारा राशी, अंकांचे तावीज आणि जिन्न उतरवण्याचे विधी तपशिलाने आहेत. सफरमधली 'तेरा तेजी'ही आहे. आमच्या घरीही त्या दिवसांत उशाशी अंडी ठेवून सकाळी सदका करीत. नाकारलेला सफर आपणच मागच्या दाराने घरात घेतला.

कुणी म्हणेल, कुरआनात जादूचा उल्लेख आहे. आहेच. सूरह फलकमध्ये गाठींवर फुंकणाऱ्यांच्या उपद्रवापासून पनाह मागितली आहे. पण ती रब्बकडे. तिथे ना आमिल आहे, ना करणीचा उतारा, ना शेजारणीचे नाव.

खरा घात त्या नावातच आहे. लिंबू पायाखाली चिरडले तरी त्याचे काही बिघडत नाही. पण गाय आटली, मूल आजारी पडले की बोट वळते ते बहुधा एखाद्या एकट्या बाईकडे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. अमुक माणूस करणी करतो, मंत्राने गुरांचे दूध आटवतो असे भासवणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे.

हा कायदा आपल्यालाही लागू आहे, आणि त्याच्या कितीतरी आधीची ती शिकवणही आपलीच आहे. सदका जरूर द्यावा. पण शेजारी उपाशी आहे म्हणून द्यावा, सफर लागला म्हणून नव्हे.