पुढील हुकूम येईपर्यंत

कंपनी सरकारच्या अमदानीत हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या गोऱ्या मनुष्यास प्रथम विचारला जाणारा प्रश्न तो कोण हा नसे, त्याजपाशी परवाना आहे काय हा असे. १७९३ च्या कायद्यान्वये लंडनच्या डायरेक्टरांच्या परवान्यावाचून येथे राहणे हा मोठा अपराध ठरला होता, आणि अशा इसमास विलायतेच्या जहाजावर चढवून परत धाडण्याचा अधिकार सरकारास होता. व्यापाऱ्यास परवाना मिळे, निळीच्या मळेवाल्यास मिळे. धर्मोपदेशकास मात्र तो मिळणे दुरापास्त होते. कंपनीचे स्वतःचे पगारी पाद्री होतेच. त्यांनी गोऱ्यांची लग्ने लावावीत, गोऱ्यांना पुरावे आणि एतद्देशीयांच्या श्रद्धेस धक्का लावू नये, एवढीच त्यांजकडून अपेक्षा होती. बाहेरच्या उपदेशकांमुळे लोक बिथरतील आणि व्यापार बुडेल ही भीती डायरेक्टरांच्या मनात खोल रुजलेली होती. १८०६ मधील वेलोरच्या शिपायांच्या बंडानंतर तर तिला पुरावाच मिळाल्यासारखे झाले.

विल्यम केरी याची हकीकत कलकत्त्यास राहिलेल्या आपल्या बांधवांना थोडीबहुत ठाऊक असेल. परवाना नसल्याचा बोभाटा होताच पहिल्या इंग्रजी जहाजाच्या कप्तानाने त्यास इंग्लंडच्या किनाऱ्यावरच उतरवून दिले. या विलंबाचा एक परिणाम असा झाला की, आधी येण्याचे साफ नाकारणारी त्याची पत्नी डोरोथी मन वळवून बरोबर निघाली. बहीण सोबत येत असेल तरच, ही तिची अट होती. डॅनिश जहाजातून हे कुटुंब नोव्हेंबर १७९३ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. पुढे मालदा भागात मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्याची व्यवस्था केरीच्या हाती आली आणि सरकारी दप्तरात तो धर्मोपदेशक न राहता निळवाला झाला. कागदावरचे हे रूपांतर सोपे होते. डोरोथीस ते फार महागात पडले. १७९४ मध्ये त्या रानवट जागी पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला आणि त्यानंतर तिचे चित्त जे ढळले ते १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत पुन्हा ठिकाणावर आले नाही. केरीची चरित्रे विपुल आहेत; त्यांत या बाईच्या वाट्यास येणाऱ्या ओळी मात्र थोड्या असतात.

१७९९ मध्ये केरीचे नवे सहकारी आले, तेव्हा तेही परवान्यावाचूनच होते. ते थेट श्रीरामपुरास गेले. हुगळीच्या काठचे हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या राजाचे होते. तेथील गव्हर्नर कर्नल बी याने त्यांस कंपनीच्या हवाली करण्याचे नाकारले. कलकत्त्यापासून अवघ्या काही कोसांवर कंपनीचा कायदा संपत होता! जानेवारी १८०० मध्ये केरीही तेथे येऊन मिळाला; आणि दुसऱ्याच वर्षी, ज्या सरकारने त्यास धर्मोपदेशक म्हणून परवाना दिला नव्हता, त्याच सरकारने फोर्ट विल्यम कॉलेजात दरमहा पाचशे रुपयांवर त्याची नेमणूक केली. बंगाली व संस्कृतबरोबर तो पुढे मराठीही शिकवू लागला. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्याने रचलेले मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मोडी टंकांतील मराठी कोश १८१० मध्ये श्रीरामपुरास छापला गेला. मराठी मुद्रणाचा आरंभ महाराष्ट्रापासून इतक्या दूर झाला, त्यामागे परवान्याची ही अडवणूकही एक कारण होती.

परंतु केरी निदान इंग्रज प्रजाजन होता. १८१२ मध्ये अमेरिकेहून जे तरुण आले ते सर्वार्थाने परकीय होते, आणि त्यांच्या दुर्दैवाने त्याच जूनमध्ये अमेरिका व इंग्लंड यांत युद्ध जुंपले. जून ते ऑगस्टच्या दरम्यान दोन जहाजांतून ते कलकत्त्यास उतरले. जडसन, न्यूएल व नॉट हे सपत्नीक होते. गॉर्डन हॉल आणि राईस अविवाहित होते. देश सोडण्याचा हुकूम हातात पडण्यास फार दिवस लागले नाहीत. न्यूएल दांपत्यास मॉरिशसला जाणाऱ्या एका जहाजात दोघांपुरती जागा मिळाली. हॅरिएट न्यूएल गर्भवती होती. वादळी प्रवासात जहाजावरच ती प्रसूत झाली, मूल काही दिवसांतच गेले, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुई येथे तीही गेली. तिचे वय एकोणीस वर्षांचे होते. ज्या कारकुनाने तिच्या पतीच्या नावाचा हुकूम नकलून काढला, त्याच्या लेखी तो त्या दिवसाच्या अनेक नकलांपैकी एक असला पाहिजे.

हॉल आणि नॉट यांनी मुंबईचा रस्ता धरला. एकीकडे मुंबईस जाण्याचा पास हाती आलेला, तर दुसरीकडे त्यांना विलायतेस रवाना करण्याचा हुकूम सुटलेला, अशा घोटाळ्यात ते नोव्हेंबरात कलकत्त्याहून निसटले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले. कलकत्त्याचे पत्र मागोमाग आलेच: या इसमांस परत पाठवावे.

येथे गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन यांची गाठ पडते. बायबलाच्या प्रसारासाठी लंडनमध्ये निघालेल्या संस्थेचे हे गृहस्थ उपाध्यक्ष होते. म्हणजे मन एकीकडे आणि वरिष्ठांचा हुकूम दुसरीकडे. त्यांनी हुकूम मोडला नाही आणि अमलातही आणला नाही. त्यांनी पत्रव्यवहार केला. कलकत्त्यास खुलासा गेला, तेथून उत्तर येण्यास महिने लागले, आणि दरम्यान हे दोघे तरुण मुंबईत मराठी शिकत बसले. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या वाचकांस या युक्तीचे मर्म निराळे सांगावयास नको. तिला दिरंगाई म्हणणे मला अन्यायाचे वाटते. गव्हर्नराच्या अधिकारात जेवढी दया बसत होती, तेवढी त्यांनी दाखविली.

ती संपत आली तेव्हा हॉल आणि नॉट यांनी गुपचूप कोचीनचा मार्ग पत्करला. तेथून सिंहलद्वीपास जाण्याचा बेत होता. ते पकडले जाऊन मुंबईस परत आणले गेले आणि नेपियन साहजिकच रुष्ट झाले, कारण त्यांच्या सौजन्याचाच हा भंग होता. डिसेंबर १८१३ मध्ये दोघांची नावे विलायतेच्या जहाजावर नोंदली गेली. निघण्यास दोन-तीन दिवस उरले असता हॉलने गव्हर्नरास अखेरचा अर्ज लिहिला. त्यात त्याने कायद्याचा आधार शोधला नाही. ख्रिस्ताची आज्ञा पाळू पाहणाऱ्यांना ख्रिस्ती सत्तेने हाकलावे हे त्या सत्तेच्या धर्मात बसते काय, एवढाच प्रश्न केला. उत्तर आले: पुढील हुकूम येईपर्यंत राहण्यास हरकत नाही.

पुढचा हुकूम अनुकूल ठरला. लंडनमध्ये डायरेक्टरांपैकी चार्ल्स ग्रँट याने या अमेरिकनांची बाजू उचलून धरली. त्याच वर्षीच्या नव्या सनदेनेही धर्मोपदेशकांस परवाना मिळण्याची वाट मोकळी केली होती. डायरेक्टरांनी नाकारले तरी बोर्ड ऑफ कंट्रोलकडे दाद मागता येऊ लागली. ब्रिटिश प्रजाजनांपुरते परवान्याचे हे बंधन १८३३ च्या सनदेने बहुतांशी गळून पडले. परकीयांची नोंदणी व मुदत यांचे कायदे विसाव्या शतकात नव्याने रचले गेले आणि १९४६ च्या कायद्याची जागा २०२५ मध्ये आणखी एका कायद्याने घेतली.

मुंबईत त्या हंगामी परवानगीवर अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. १८१७ पासून त्यांचा छापखाना चालू लागला. गणपत कृष्णाजी आणि जावजी दादाजी, मराठी मुद्रणाची ही दोन मोठी नावे, त्याच छापखान्यात काम करीत घडली. १८२४ मध्ये मुलींची शाळा निघाली. पुढे अहमदनगरास याच मिशनच्या मिस फरार यांची कन्याशाळा पाहून जोतीराव फुले यांनी पुण्यात शाळा काढण्याचे मनावर घेतले.

नॉट प्रकृती बिघडल्याने १८१५ मध्येच सपत्नीक परतला. पत्नीवियोग झालेला न्यूएल मुंबईस येऊन मिळाला आणि १८२१ मध्ये पटकीने वारला. हॉलने १८१६ मध्ये मुंबईतच लग्न केले. मुलांच्या प्रकृतीस येथील हवा मानवेना म्हणून १८२५ मध्ये पत्नी त्यांना घेऊन अमेरिकेस निघून गेली. तो मागे राहिला. पुढल्या वर्षी नाशिककडे दौऱ्यावर असता तेथे पटकीची साथ होती. बरोबरची बरीचशी औषधे रोग्यांना वाटून तो परतीस लागला आणि २० मार्च १८२६ रोजी वाटेतल्या एका खेड्यात त्याच रोगाने गेला. त्याची पत्नी तेव्हा सातासमुद्रापलीकडे होती.