टेकडीवर गुंठा घेताय? आधी हे वाचा
"बीडीपीत गुंठा घेतलाय, बांधकामाला परवानगी मिळेल का?" असं मला बरेच जण विचारतात. मंडळी, एजंटचं ऐकण्याआधी थोडा इतिहास बघा.

१९९७ साली आसपासची गावं पुणे महापालिकेत आली. पुढे त्यातल्या २३ गावांच्या विकास आराखड्यात ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण पडलं. वाद वर्षानुवर्षं चालला. २०१५ मध्ये राज्य सरकारने आरक्षण कायम ठेवलं; जागामालकाला मोबदला ८ टक्के टीडीआर. शेतकऱ्याला तो तुटपुंजा वाटला, आणि त्यात त्याचं काय चुकलं? मग गुंठ्या-गुंठ्याने विक्री झाली. टेकडीही गेली, घेणाऱ्याचं घरही बेकायदाच राहिलं.

नुसत्या नकाशावरच्या हिरव्या रंगाने टेकडी वाचत नाही. आधी रास्त मोबदला द्या, जागा ताब्यात घ्या!