लाज : जनाची आणि मनाची

"जनाची नाही, निदान मनाची तरी लाज बाळग." ही म्हण आपण रागाच्या भरात येताजाता वापरतो. त्यात लाजेचे दोन प्रकार सांगितले आहेत, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. लोक काय म्हणतील या धाकाने वाटते ती जनाची लाज. कोणी पाहत नसतानाही आत खुपत राहते ती मनाची लाज. म्हणीत जनाची लाज आधी येते आणि मनाची शेवटचा उपाय म्हणून. व्यवहारातही आपण हाच क्रम पाळतो. या क्रमाने आपल्या समाजाचे, विशेषतः लेकीबाळींचे काय केले, ते इतिहासात शोधावे म्हणून हा लेख.

मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे शब्दांच्या घराण्यांकडे लक्ष जाते. 'लाज' संस्कृत 'लज्जा'पासून आली. 'शरम' फारसीतून आली, 'इज्जत' अरबीतून. 'अब्रू' म्हणजे फारसी 'आबरू'. त्यातला 'आब' म्हणजे पाणी आणि 'रू' म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी, म्हणजे तेज, ते अब्रू. इतका सुंदर शब्द आपण कसा वापरला? बलात्काराच्या बातमीत आपली वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे 'अब्रू लुटली' असे छापत आली. गुन्हा केला एकाने आणि अब्रू गेली दुसरीची! ज्याने केले त्याच्या चेहऱ्यावरचे पाणी जागच्या जागी. भाषा आपल्या मनातले हिशेब असे नकळत सांगून जाते.

हा हिशेब किती जीवघेणा होता, ते एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात दिसते. बालविवाहाची प्रथा होती, त्यामुळे उच्चवर्णीय घरांत कोवळ्या वयाच्या विधवा असत. पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने परवानगी दिली होती, पण समाजाने दिली नव्हती. विधवेचे केस उतरवायचे, अंगावर जाडेभरडे आलवण, दिवसातून एकदा जेवण आणि घरातल्या काळोख्या खोलीत वावर. याच घरांत, बहुतेक वेळा ओळखीच्या किंवा नात्यातल्या पुरुषाकडून, ती गरोदर राहिली तर तिच्यापुढे वाट कोणती? विहीर जवळ करायची, गावठी औषधाने गर्भ पाडायचा किंवा जन्मलेले मूल नाहीसे करायचे. तो पुरुष मात्र दुसऱ्या दिवशी पंक्तीत मानाने बसलेला असे.

जोतीराव फुले यांच्या एका स्नेह्याच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या अशाच एका तरुण विधवेने नवजात मूल मारले. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कायद्याने तिला शिक्षा दिली, समाजाने तिला तोंड लपवायला लावले, आणि मुलाच्या बापाचे नाव कुठल्याच कागदावर आले नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशा अर्थाच्या जाहिराती शहरात लावल्या.

या जाहिरातीचा मला फार विचार करावासा वाटतो. फुले पती-पत्नींनी जनाची लाज एका रात्रीत नाहीशी होईल असे मानले नाही. म्हणून तर 'गुपचूप' या शब्दाला जागा ठेवली. पण ज्या गोष्टीचे नाव काढायलाही लोक लाजत होते, ती त्यांनी भिंतीवर लिहिली. पुणेकरांना ती वाचावी लागली. त्या गृहात जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये याच यशवंतच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. ज्या मुलाला लाजेपायी मारले गेले असते, तो लोकांचे जीव वाचवत होता.

१८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या गुजरातमधल्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला चालला. सुरतेच्या न्यायालयाने तिला फाशी सुनावली, ती पुढे अपिलात कमी झाली. या निमित्ताने वर्तमानपत्रांत स्त्रीजातीच्या नीतिमत्तेवर तोंडसुख घेतले जाऊ लागले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ते वाचले आणि १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का? मग शिक्षा एकट्या बाईला का? ताराबाईंनी विजयालक्ष्मीची नुसती कीव केली नाही. तिच्या पदरात टाकलेली लाज उचलून जिथली होती तिथे नेऊन ठेवली. लोकांना हे सोसले नाही. सुधारक म्हणवणाऱ्यांतल्याही काहींनी नाके मुरडली. जोतीरावांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. तरी ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही, आणि हे पुस्तकही विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा मराठी वाचकांना ताराबाई नव्याने कळल्या. एक प्रश्न विचारल्याबद्दल नव्वद वर्षांहून अधिक काळाचे विस्मरण, ही जनाच्या लाजेची ताकद.

आणि मनाच्या लाजेची ताकद? तिचेही उदाहरण त्याच काळात आहे. १८९० मध्ये मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा झाली आणि विधवांचे केस यापुढे भादरायचे नाहीत असे त्यांनी ठरवले. विचार करा, ही रूढी त्यांनी सुरू केली नव्हती. त्यांच्या हातात फक्त वस्तरा होता आणि त्यावर पोट होते. शास्त्रे जाणणाऱ्यांना जे खुपले नाही, ते या कष्टकऱ्यांना खुपले.

आता आपल्याकडे वळतो. हे सगळे शेजारच्या घरातले आहे असे समजून आपण मुसलमानांनी हात झटकायचे कारण नाही. इस्लामच्या आधीच्या अरबस्तानात मुलगी जन्माला येणे ही लाजेची गोष्ट होती आणि काही कबिले तिला जिवंत पुरत. कुरआनच्या सूरह नहलमध्ये अशा बापाचे वर्णन आहे. मुलीची खबर ऐकून त्याचे तोंड काळवंडते, तो लोकांपासून लपत फिरतो, अपमान सोसून तिला ठेवावे की मातीत गाडावे या विचारात पडतो. लक्षात घ्या, तो लपतो ते लोकांपासून. याचे उत्तर सूरह तकवीरमध्ये येते. कयामतच्या दिवशी त्या पुरलेल्या मुलीलाच विचारले जाईल, कोणत्या गुन्ह्यासाठी तुला मारले? ज्या दरबारात बोलायची पहिली संधी तिला आहे, तिथे बापाने मान कुठे लपवायची?

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हयेला इमानची एक शाखा म्हटले आहे. ही हदीस आपल्या जलशांत वारंवार ऐकायला मिळते, पण बहुतेक वेळा ती मुलींना उद्देशून सांगितली जाते. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, मग स्त्रियांना. त्याच सूरहमध्ये पाकदामन स्त्रीवर आळ घेऊन चार साक्षीदार न आणणाऱ्याला ऐंशी फटके सांगितले आहेत आणि पुढे त्याची साक्षही कधी मानायची नाही. खुद्द हजरत आयेशा (र.) यांच्यावर कुजबुज करणाऱ्यांनी आळ घेतला होता, त्या प्रसंगाशी या सूरहचा संबंध आहे. म्हणजे बदनामीचे ओझे बाईच्या डोक्यावरून उतरवून बदनाम करणाऱ्याच्या डोक्यावर ठेवले गेले. आम्ही मात्र हुकूम वाचला आणि ओझे पुन्हा तिच्याच डोक्यावर चढवले.

हे आमच्या उर्दू साहित्याने चांगले ओळखले होते. मिर्झा हादी यांची 'उमराव जान अदा' ही कादंबरी १८९९ ची. लेखकाचे टोपणनाव 'रुसवा', म्हणजे बदनाम. बापाने न्यायालयात साक्ष दिली म्हणून त्याच्यावर खार खाऊन एक गुंड फैजाबादमधून त्याच्या लहान मुलीला पळवतो आणि लखनौच्या कोठ्यावर विकतो. वर्षांनंतर ती आपल्या गावी येते, तेव्हा घराच्या अब्रूपुढे तिला घरात जागा नसते. पळवली गेली ती, विकली गेली ती, आणि लाजायचेही तिनेच.

राजिंदर सिंह बेदी यांची 'लाजवंती' ही कथा त्याहून पुढे जाते. लाजवंती म्हणजे आपले लाजाळूचे रोप. फाळणीत दोन्ही बाजूंच्या हजारो स्त्रिया पळवल्या गेल्या. त्यांना शोधून परत आणण्यासाठी भारतात १९४९ मध्ये कायदा झाला. पण परत आलेल्यांना पुष्कळ घरांनी दार उघडले नाही. गांधीजी आणि नेहरूंना त्यांना स्वीकारण्याचे आवाहन करावे लागले. बेदींचा सुंदरलाल असाच प्रचार करणारा माणूस आहे. त्याची स्वतःची बायको लाजो परत येते. पूर्वी तिला मारणारा सुंदरलाल तिला आता देवी म्हणतो, जपतो. पण तिच्यावर काय गुजरले ते तो कधीच ऐकून घेत नाही. झाले गेले विसरू या म्हणतो. देव्हाऱ्यात बसवलेल्या लाजोला बोलायला माणूस उरत नाही. चांगुलपणाच्या आवरणाखालीही लाज कशी जिवंत राहते, हे इतक्या थोड्या पानांत सांगणारी दुसरी कथा मला माहीत नाही. वर्गात ती शिकवताना मी मुलांना आधी दोन झाडे आठवायला सांगतो. एक लाजाळू, बोट लागले की मिटणारे. दुसरे आपल्या नाल्याकाठचे बेशरम, तोडून कुठेही फेकले तरी फुटणारे. मग विचारतो, आपल्या गावात पहिल्या झाडाचा धडा कोणाला देतात आणि दुसऱ्यासारखे वाढायची मुभा कोणाला? मुली लगेच हसतात. मुलांना थोडा वेळ लागतो.

हा काही जुन्या पुस्तकांपुरता प्रश्न नाही. काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका हुशार मुलीचा फोटो एका मुलाने मोबाईलवर बिघडवून मित्रांत फिरवला. दोन दिवसांत तो मोहल्लाभर झाला. मुलीचे दप्तर घरी राहिले. मी तिच्या वडिलांना भेटायला गेलो. मेहनती, सरळ माणूस. म्हणाले, "सर, तुमचं सगळं खरं आहे. तिची चूक नाही हे मलाही कळतं. पण लोकांत तोंड कसं दाखवू?" मान वर करून ते माझ्याकडे पाहत नव्हते. सूरह नहलमधला लोकांपासून लपणारा बाप मला त्या दिवशी समोर दिसला. पुढे त्या मुलीला तिच्या मामाच्या गावी पाठवले. तिचे शिक्षण तिथेच थांबले. तो मुलगा त्याच बाकावर बसून दहावी झाला. त्याचे वडील कोणापासूनही लपले नाहीत. लपावे असे त्यांना कोणी वाटूच दिले नाही.

जनाची लाज अगदी नको असे मी म्हणणार नाही. चारचौघांचा धाक नसता तर लाच घेणारा दिवसाढवळ्या हात पसरेल आणि हुंडा मागणारा पाटी लावून बसेल. पण ही लाज उताराच्या पाण्यासारखी आहे. जिथे जमीन सखल, तिथे ती साचते. विधवा, मुलगी, गरीब, परजातीतला, परधर्मातला, ज्याच्याकडे उलटून बोलायची सोय नाही त्याच्या दारात ती जाऊन थांबते. तिला वळण लावायला मनाची लाज असलेली माणसे लागतात. पुण्यात भिंतीवर जाहिरात लावणारी, बुलढाण्यात लेखणी उचलणारी, मुंबईत वस्तरा खाली ठेवणारी.

आमच्याकडे आता दर वर्षी जूनमध्ये पालकांची बैठक होते तेव्हा मोबाईलचा विषय निघतोच. पूर्वी मुलींच्या आयांना बोलावून सांभाळायला सांगितले जाई. आता आम्ही आधी मुलांच्या वडिलांना बोलावतो. पहिल्या वर्षी सातच जण आले आणि त्यातले दोघे चिडले, आमच्या मुलांनी काय केलंय म्हणून. आम्ही त्यांना चहा दिला आणि सूरह नूरमधला तो क्रम वाचून दाखवला. त्यानंतर कोणी उठून गेले नाही.