शब्दवेध : बूटलेग
‘बूटलेग’ म्हणजे उंच बुटाचा पोटरी झाकणारा भाग. त्यात दारूची बाटली दडवून नेण्याच्या एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी चालीवरून हा शब्द प्रथम चोरट्या दारूला आणि पुढे परवानगीविना ध्वनिमुद्रित होऊन हातोहात फिरणाऱ्या संगीताला लागला. अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलन यांच्या अप्रकाशित गाण्यांची १९६९ मधील ‘ग्रेट व्हाइट वंडर’ ही रॉक संगीतातील पहिली गाजलेली बूटलेग तबकडी होय. आपल्याकडे गोव्यातील केरी गावच्या शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाला सहसा राजी नसत, त्यामुळे त्यांचे मैफलीतील दीर्घ गायन आज मुख्यतः खासगी फितींतूनच ऐकू येते. ‘रीमास्टरिंग’, म्हणजे मूळ फितीवरील खरखर काढून ध्वनीचा समतोल नव्याने साधणे, अशा मुद्रणांवरही करता येते. मात्र फीतच विरली तर कोणताही उपाय चालत नाही, म्हणून घरोघरच्या जुन्या फिती वेळीच जतन व्हायला हव्यात.