स्टार्टअपमधील नोकरी आणि बर्नआउट : लक्षणे, तपासण्या आणि उपाय

सॉफ्टवेअरची नोकरी करायची तर पुण्यातच राहिले पाहिजे, असे आता राहिलेले नाही. सोनगीरसारख्या गावातल्या घरी बसूनही पुणे-बंगळूरच्या स्टार्टअपचे काम करता येते. घरच्यांना फक्त लॅपटॉपसमोर बसलेला मुलगा किंवा मुलगी दिसते. त्यामुळे 'खुर्चीवर बसून कसला आलाय थकवा?' हा प्रश्न सहज विचारला जातो. हा थकवा आळस नसून बर्नआउट असू शकतो. तो कसा ओळखावा आणि त्यावर काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

बर्नआउट म्हणजे काय?

कामाचा ताण दीर्घकाळ टिकून राहिला आणि तो आटोक्यात आला नाही, तर जी अवस्था येते तिला बर्नआउट म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली या अवस्थेचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिची व्याख्या केली. संघटनेच्या मते बर्नआउट हा स्वतंत्र आजार नाही, तर कामाच्या ठिकाणाशी निगडित अवस्था आहे. तिची लक्षणे तीन :

- शरीर आणि मन पूर्ण गळून जाणे
- कामाबद्दल तुटलेपणा, चिडचिड किंवा कडवटपणा येणे
- आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे

सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पत्रा सतत ठोकला की तो कडक होतो, आणि मध्येच तापवून मऊ केला नाही तर तडकतो, हे तिथल्या कारागिरांना सांगावे लागत नाही. माणसाचेही तसेच आहे. मेहनतीने माणूस लगेच मोडत नाही, पण मेहनतीच्या मधली विश्रांती काढून घेतली तर मोडतो.

छोट्या स्टार्टअपमध्ये धोका अधिक का?

- एकच माणूस कोड लिहितो, ग्राहकांचे फोन घेतो आणि रात्री सर्व्हर बंद पडला तर तोही बघतो. त्याच्या जागी उभे राहणारे दुसरे कोणी नसते.
- मालक बहुधा मित्राच्या वयाचा असतो. 'आपण एक कुटुंब आहोत' असे म्हटले जाते. हे वातावरण चांगले वाटते, पण त्यात 'आज जमणार नाही' म्हणणे अवघड जाते. रजा मागणे म्हणजे दगा देणे वाटू लागते.
- ग्राहक अमेरिकेतले असतील तर बैठका रात्री होतात. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे १० वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ७:३० आणि हिवाळ्यात रात्रीचे ८:३० वाजलेले असतात.
- पुढची गुंतवणूक मिळेल की नाही, पगार वेळेवर होईल की नाही, ही टांगती तलवार असते.
- घरून काम करताना ऑफिस सुटण्याची वेळच नसते.

शरीरावर काय परिणाम होतात?

झोप न लागणे, डोके आणि मान दुखणे, पित्त, छातीत धडधड, रक्तदाब वाढणे आणि चहा, सिगारेट किंवा दारू वाढणे हे नेहमी आढळते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक असतो. हृदयविकाराने मृत्यू होण्याचा धोका सुमारे १७ टक्के अधिक असतो. सहा दिवस रोज सव्वानऊ तास काम केले तरी ५५ तास भरतात.

बर्नआउट की नैराश्य?

हा फरक महत्त्वाचा आहे. बर्नआउटमध्ये त्रास मुख्यतः कामाभोवती असतो. सुट्टीत, मित्रांमध्ये, गावच्या लग्नात माणूस थोडा खुलतो. नैराश्यात कशातच मन रमत नाही. जेवण, गप्पा, आवडीचा सामना, सगळेच बेचव होते. उदासी किंवा रस नसणे दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज टिकले तर नैराश्याची तपासणी करून घ्या. दोन्ही एकत्रही असू शकतात.

कोणत्या तपासण्या कराव्यात?

प्रत्येक थकवा कामामुळेच असतो असे नाही. आधी रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातील साखर आणि व्हिटॅमिन बी १२ तपासा. शाकाहारी व्यक्तींमध्ये बी १२ ची कमतरता बरीच आढळते. मोठ्याने घोरणे आणि दिवसा झोप येणे असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

उपाय काय?

फक्त चार दिवस सुट्टी घेऊन भागत नाही. काम तसेच राहिले तर थकवा परत येतो. म्हणून कामात बदल करावा लागतो.

- कामांची यादी करून मालकासमोर ठेवा. 'मी थकलोय' यापेक्षा 'ही सात कामे आहेत, यांतली कोणती तीन आधी करू?' असे विचारणे सोपे आणि परिणामकारक असते.
- रात्रीच्या तातडीच्या फोनची पाळी लावून घ्या. ठरलेले लेखी असू द्या.
- झोपण्यापूर्वी एक तास लॅपटॉप बंद ठेवा. दुपारनंतर चहा-कॉफी टाळा.
- रोज अर्धा तास चाला. कामाची जागा आणि झोपायची जागा शक्यतो वेगळी ठेवा.
- झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. नैराश्य किंवा चिंतेचा आजार असेल तर औषधे लागू शकतात. नैराश्यावरील औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. त्यांची चटक लागत नाही, पण डॉक्टरांना न विचारता ती अचानक थांबवू नयेत.

'ऑफिसात कळले तर?' ही भीती अनेकांना असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमच्या उपचाराची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे.

घरच्यांनी काय करावे?

'आमच्या काळी आम्ही किती राबलो' ही तुलना टाळा. 'नोकरी सोडून दे' असेही लगेच म्हणू नका, कारण घराचे हप्ते त्याच पगारावर असतील तर त्याने ताण वाढतो. 'हल्ली तू थकलेला दिसतोस, रात्री झोप लागते का?' असे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. दवाखान्यात सोबत जा. सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून किंवा नेहमीच्या डॉक्टरांपासून करता येते. मानसोपचारतज्ज्ञांची गरज वाटल्यास सोनगीरकरांना धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे.

ताबडतोब मदत कधी घ्यावी?

- छातीत दुखणे, दम लागणे, हात-पाय किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, बोलणे अडखळणे : लगेच १०८ वर फोन करा.
- 'जगण्यात अर्थ नाही', 'मी नसलो तर बरे' असे बोलणे, निरवानिरव करणे : अशा व्यक्तीला एकटे सोडू नका. आत्महत्येचे विचार येतात का, असे स्पष्ट विचारल्याने ते विचार डोक्यात भरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येते. धोका लगेचचा वाटला तर थेट रुग्णालयात न्या.