उष्णतेचा गोंगाट

उजेड आणि ऊब ही आपल्याला सख्खी भावंडे वाटतात. पणतीजवळ हात नेला की डोळ्याला प्रकाश मिळतो आणि तळव्याला ऊब. दोघे एकाच ज्योतीच्या पोटी जन्मलेले. परंतु चित्र टिपणाऱ्या यंत्रांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास चाळला तर या भावंडांचे त्या घरात कधीच पटलेले दिसत नाही. कॅमेऱ्याला उजेड हवा, ऊब मात्र नको. ती आत शिरली की चित्र बिघडते.

अंधारात घेतलेल्या चलच्चित्रात काळ्या भागावर रांगोळी विसकटल्यासारखे रंगीत दाणे वळवळताना आपण पाहतो. जाणकार त्यांना ‘नॉइज’ म्हणतात. डोळ्यांना दिसणाऱ्या दोषाला आवाजाचे नाव का, असा प्रश्न वर्गात एखादे चुणचुणीत पोर हमखास विचारते. उत्तर इतिहासात आहे. हा दोष माणसाला आधी ऐकू आला, दिसला तो पुष्कळ नंतर. टेलिफोन आणि रेडिओच्या आरंभीच्या काळात आवाज मोठा करणारी यंत्रे आली आणि बोलण्यामागे एक अखंड खरखर ऐकू येऊ लागली. १९१८ साली जर्मनीत वॉल्टर शॉटकी यांनी तिचा शास्त्रीय विचार मांडला. पुढे अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी ती मोजली आणि त्यांचेच सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी तिचे गणित सोडवले. दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. निष्कर्ष विलक्षण होता. वाहकात बाहेरून विजेचा प्रवाह सोडला नाही तरी त्याच्या दोन टोकांशी विजेची बारीक थरथर असते, आणि तापमान वाढेल तशी ती वाढते. म्हणजे कोणी न बोलताही तार बोलतच असते, आणि तिला बोलायला लावते ती तिच्या अंगातली उष्णता!

योगायोग असा, की इलेक्ट्रॉनिक डोळाही याच प्रयोगशाळेत जन्मला. १९६९ च्या ऑक्टोबरात विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ हे दोघे फळ्याशी बसले होते. शोधायची होती माहिती साठवण्याची नवी युक्ती. तासाभरात ‘सीसीडी’ची कल्पना आकाराला आली, आणि साठवणीपेक्षा चित्र टिपण्यातच तिने नाव काढले. चाळीस वर्षांनी, २००९ साली, दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या डोळ्याचे काम समजायला कोकणातले अंगण डोळ्यांसमोर आणावे. अंगणात ओळीने हजारो वाट्या मांडल्या आहेत आणि पाऊस पडतो आहे. पाऊस म्हणजे प्रकाश, वाटीत साठते ते पाणी म्हणजे इलेक्ट्रॉन. कुठल्या वाटीत किती पाणी ते मोजले की चित्र तयार झाले. पण प्रत्येक वाटीला तळातून पाझर आहे. सिलिकॉनच्या कणांतील उष्णता स्वतःच इलेक्ट्रॉन सुटे करते आणि ते त्याच वाटीत येऊन पडतात. झाकण लावून ठेवले तरी वाटी भरतच राहते. यालाच ‘डार्क करंट’ म्हणतात. सर्वसाधारणपणे दर सहा ते आठ अंश सेल्सियसला हा पाझर दुप्पट होतो. वीस अंश तापमान चढले की तो सुमारे सहा ते दहा पट होतो. मुसळधार पावसात त्याची पर्वा कोण करील? भुरभुर पाऊस असला, म्हणजे उजेड मंद असला, की आभाळातले पाणी कोणते आणि पाझराचे कोणते, हे ओळखता येत नाही.

सगळा दोष उष्णतेच्या माथी मारणेही अन्यायाचे होईल. मंद प्रकाशाचे थेंब मुळातच विरळ आणि अनियमित पडतात. मोजणाऱ्या मंडलाचीही थोडी चूक होते. त्यात उष्णतेची भर पडते.

हे दुखणे पहिल्यांदा सोसले खगोलशास्त्रज्ञांनी. दूरचा तारा टिपायला वाट्या तासन्‌तास मांडून ठेवाव्या लागतात. म्हणून त्यांनी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनचा आधार घेतला आणि सेन्सर उणे शंभर अंशांच्या आसपास गोठवला. २०१५ साली श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट हा आपला उपग्रह गेला. त्यावरील क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने घडली. तिचा सीसीडीही उणे ऐंशी अंशांच्या आसपास थंड राखण्याची व्यवस्था होती. २५ डिसेंबर २०२१ रोजी उडालेल्या जेम्स वेब दुर्बिणीतील एक उपकरण तर उणे २६६ अंशांच्याही खाली ठेवावे लागते. जितके अंधुक पाहायचे, तितके गार व्हायचे.

लहान कॅमेऱ्यांनी मात्र हा धडा सोयीसाठी बाजूला ठेवला. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन यांनी पहिला सुटसुटीत डिजिटल कॅमेरा बांधला. त्याला एक चित्र फितीवर उतरवायला तेवीस सेकंद लागत. इतक्या संथ यंत्राला घाम कशाने फुटणार? पण चलच्चित्राची भूक वेगळी. ‘एट-के’ चित्राच्या एका चौकटीत तीन कोटींहून अधिक बिंदू असतात, आणि अशा तीस चौकटी दर सेकंदाला वाचायच्या, आवळायच्या, साठवायच्या. छायाचित्र घेणारा सेन्सर मधूनमधून काम करतो. चलच्चित्रात त्याला उसंत नसते. तो आणि शेजारची मंडले तापतात, आणि पाऊस-धूळ आत येऊ नये म्हणून घट्ट मिटलेल्या कुडीतून उष्णता बाहेर पडत नाही.

२०२० च्या जुलैत कॅननचा ‘ईओएस आर फाइव्ह’ आला तेव्हा ही गोष्ट चारचौघांत आली. तेवीस अंशांच्या हवेत सर्वांत मोठे चित्र सुमारे वीस मिनिटेच टिपता येईल, असे कंपनीनेच सांगितले होते. तरी मोठा गदारोळ झाला. त्याच घराण्यातला पंखा बसवलेला कॅमेरा २०२२ च्या जानेवारीत आला. थंडावा हाच यावरचा उपाय, हे खगोलशास्त्रज्ञ कधीपासून जाणून होते.

आमच्या शाळेत १ मे रोजी, ऐन उन्हात, ध्वजवंदनाचे चित्रण चालू असता एका पालकांचा मोबाइल तापून मध्येच बंद पडला. मुले हसली. मी मुलांना फळ्यावर वाट्या काढून दाखवल्या. बंद पडणे हा त्या यंत्राचा हट्ट नव्हता. जीव वाचवण्याची ती त्याची रीत होती.

तेव्हा वाचकहो, फराळाची ताटे, फुलबाज्या आणि नातवंडांची धावपळ टिपताना मोबाइल ज्योतीपासून दूर धरा, मधूनमधून त्याला विसावा द्या. एवढे करूनही अंधाऱ्या कोपऱ्यात दाणे दिसलेच, तर त्यांतले काही उजेडाच्या टंचाईचे असतील आणि काही त्या यंत्राच्या अंगातल्या उष्णतेचे. जॉन्सन यांनी कानांनी टिपलेली तीच कुजबुज, शंभर वर्षांनी आपल्या अंगणात डोळ्यांना दिसते आहे.