मैलापाणी प्रक्रिया केंद्राच्या परवानगीतील लोकसहभाग

मैलापाणी प्रक्रिया केंद्राच्या परवानगीतील लोकसहभाग म्हणजे असे केंद्र कोठे उभारावे, त्यातून बाहेर पडणारे पाणी किती शुद्ध असावे आणि ते कोणत्या ओढ्यात वा नदीत सोडावे यांविषयीच्या शासकीय निर्णयांत रहिवाशांनी कायद्याने दिलेल्या मार्गांनी भाग घेणे होय. महाराष्ट्रात या केंद्रांना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. केवळ घरगुती सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रासाठी भारतीय कायद्यात जनसुनावणी सक्तीची नाही. त्यामुळे सहभागाच्या संधी निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेल्या असून त्यांपैकी बहुतेकांना मुदतीची अट आहे. प्रस्तुत लेखात हे मार्ग मुख्यतः अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील सुपा परिसराच्या संदर्भात दिले आहेत.

सुपा परिसर

सुपा हे पारनेर तालुक्यातील गाव अहिल्यानगर–पुणे मार्गावर आहे. गावाचा कारभार ग्रामपंचायतीकडे, तर लगतच्या औद्योगिक क्षेत्राचे नियोजन महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आहे. त्यामुळे सांडपाण्याचा प्रश्न उपस्थित झाल्यास ते गावठाणातील आहे, कारखान्यांतील आहे की कामगारांच्या वस्त्यांतील आहे, हे प्रथम ठरवावे लागते. उत्तरानुसार जबाबदार संस्था बदलते. तालुका अवर्षणप्रवण असून शेती व पिण्याचे पाणी मोठ्या प्रमाणावर विहिरींवर अवलंबून आहे. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या ओढ्यात सोडलेल्या पाण्याला मिसळण्यासाठी दुसरा प्रवाह नसतो, ते तेथेच मुरते. प्रक्रिया अपुरी असल्यास तिचा परिणाम ओढ्याकाठच्या विहिरींवर होतो. या परिसरातील हंगा नदीवर पुढे श्रीगोंदा तालुक्यात विसापूर तलाव आहे. म्हणजे वरच्या बाजूचा निर्णय खालच्या गावांच्याही हिताचा असतो.

संमतीची प्रक्रिया

महाराष्ट्राने जलप्रदूषणाविषयी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा केला व त्यानुसार १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. पुढे केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ राज्यात १९८१ पासून लागू करण्यात आला. या अधिनियमाच्या कलम २५ नुसार सांडपाणी सोडणारी कोणतीही व्यवस्था उभारण्यापूर्वी मंडळाची संमती घ्यावी लागते. नगरपालिका व ग्रामपंचायतीही याला अपवाद नाहीत. व्यवहारात संमती दोन टप्प्यांत मिळते: आधी उभारणीची, नंतर केंद्र चालविण्याची. अहिल्यानगर जिल्ह्यासाठी मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय अहिल्यानगर येथे असून ते नाशिकच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत येते.

अर्जावर चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर संमती विनाअट मिळाली असे कायदा मानतो. ही तरतूद अर्जदाराच्या सोयीची आहे. रहिवाशांच्या दृष्टीने तिचा अर्थ असा, की अर्जाची माहिती उशिरा मिळाल्यास हरकत घेण्याचा काळ निघून गेलेला असू शकतो. अर्ज आल्याची जाहीर सूचना देणे मंडळावर बंधनकारक नाही. तरीही अर्ज प्रलंबित असताना लेखी निवेदन देण्यास कोणताही अडथळा नाही. अशा निवेदनात विरोधाच्या सर्वसाधारण भावनेपेक्षा ठोस माहिती अधिक उपयोगी पडते: विसर्गाच्या जागेपासून सार्वजनिक विहीर किती अंतरावर आहे, ओढा वर्षातून किती महिने वाहतो, पूररेषा कोठे येते, वीज गेल्यास पाणी कोठे साठविणार.

कलम २५ (६) नुसार मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावयाची असून विसर्गामुळे बाधित होणाऱ्या वा त्यात हितसंबंध असणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला ती पाहता येते. या तरतुदीचा वापर फारसा होत नाही. कलम २७ नुसार मंडळ दिलेल्या अटींचा फेरविचार करून त्या बदलू शकते, म्हणून केंद्र सुरू झाल्यानंतरही अटी कडक करण्याची मागणी करता येते.

जनसुनावणी कोणत्या प्रकल्पांना लागते

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या परिशिष्टात कारखान्यांच्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचा समावेश आहे, घरगुती मैलापाण्याच्या स्वतंत्र केंद्रांचा नाही. सामान्यतः होणारा गोंधळ येथेच होतो. सुनावणी लागू असल्यास किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय व एका प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो, आणि जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो. गणपूर्तीची अट नाही. दहाच माणसे आली तरी सुनावणी वैध ठरते. कामकाजाचे चित्रीकरण होते व इतिवृत्ताचा गोषवारा उपस्थितांना स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. मात्र मंजूर औद्योगिक वसाहतींच्या आतील प्रकल्पांना अधिसूचनेने सुनावणीतून सूट दिली आहे. त्यामुळे सुप्यासारख्या ठिकाणी सामाईक केंद्रही वसाहतीच्या हद्दीत आहे की बाहेर, यावर बरेच अवलंबून राहते.

अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याखाली नगरपालिकेच्या मैलापाणी केंद्रालाही विसर्गाचा परवाना घ्यावा लागतो. परवान्याचा मसुदा प्रसिद्ध करून किमान ३० दिवस हरकती मागवल्या जातात आणि परवाना जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी असल्याने ही संधी पुन्हा येते. भारतातील संमतीलाही नूतनीकरण लागते, पण त्या वेळी जनतेचे म्हणणे मागविण्याची पद्धत नाही.

जागेचा निर्णय

बहुतेक वाद पाण्याच्या दर्जापेक्षा जागेवरून होतात, आणि जागा संमतीच्या अर्जाच्या बरीच आधी ठरलेली असते. शहरांत विकास आराखड्यात केंद्रासाठी आरक्षण ठेवले जाते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप आराखड्यावर हरकती व सूचना मागविणे सक्तीचे आहे. मंजूर आराखड्यात बदल करून आरक्षण टाकावयाचे झाल्यास कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध करून एक महिन्याची मुदत द्यावी लागते. राजपत्रातील व वर्तमानपत्रातील या सूचना सर्वसामान्यांच्या वाचनात क्वचितच येतात.

गावात केंद्र ग्रामपंचायतच उभारणार असेल तर खरी चर्चा ग्रामसभेत होते. परंपरेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्तीसाठी लागते. ग्रामपंचायत विकास आराखड्यात सांडपाण्याची कामे याच सभेत येतात. जागा, खर्च आणि देखभालीची जबाबदारी यांविषयीचे प्रश्न ठरावात नोंदवून घेणे महत्त्वाचे असते, कारण पुढे प्रांताधिकारी किंवा मंडळापुढे तोंडी चर्चेला किंमत राहत नाही. मात्र पारनेर तालुका अनुसूचित क्षेत्रात नसल्याने तेथील ग्रामसभेला पेसा कायद्याचे विशेष अधिकार नाहीत आणि औद्योगिक क्षेत्रातील प्रकल्पाला तिचा ठराव आपोआप रोखू शकत नाही.

माहितीचा अधिकार

सुप्यापासून जवळच, पारनेर तालुक्यातीलच राळेगणसिद्धी येथील अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी केलेल्या आंदोलनानंतर २००३ मध्ये महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा अमलात आला. २००५ मध्ये त्याची जागा केंद्रीय कायद्याने घेतली. अर्जाचे शुल्क १० रुपये असून ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर व १५० शब्दांपर्यंत असावा लागतो. संमतीचा अर्ज, केंद्राचा आराखडा, पाहणी अहवाल व पाण्याच्या तपासणीचे निकाल यांच्या प्रती मागता येतात. या कायद्याच्या कलम २ मधील ‘माहितीचा अधिकार’ या संज्ञेत कामाची पाहणी करणे व साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे यांचाही समावेश आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

मानके आणि नागरिकांच्या याचिका

केंद्र सरकारने १३ ऑक्टोबर २०१७ रोजी मैलापाणी केंद्रांची मानके अधिसूचित केली. महानगरांसाठी बाहेर पडणाऱ्या पाण्याची जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (बीओडी) लिटरमागे २० मिलिग्रॅम, तर इतर ठिकाणी ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा ठेवण्यात आली. ही सवलत फार सैल असल्याचा आक्षेप घेणाऱ्या ‘नितीन शंकर देशपांडे विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ रोजी बीओडी १० मिलिग्रॅमपर्यंत आणणारी कडक मानके लागू करण्याचा आदेश दिला आणि लहान गावांसाठी वेगळी सवलत नाकारली. एखाद्या केंद्राची संमती तपासताना त्यात कोणता आकडा लिहिला आहे, हे म्हणून सर्वप्रथम पाहिले जाते.

त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने ‘पर्यावरण सुरक्षा समिती’ प्रकरणात २२ फेब्रुवारी २०१७ रोजी प्रक्रिया केंद्रे ठरावीक मुदतीत उभारण्याचे निर्देश दिले होते. ‘रतलाम नगरपालिका विरुद्ध वर्धीचंद’ (१९८०) हा निकाल त्याहून जुना. उघड्या गटारांनी त्रस्त रहिवाशांनी दंडाधिकाऱ्याकडे धाव घेतली होती. पैसा नाही ही नगरपालिकेची सबब न्यायालयाने फेटाळली. ज्या कलम १३३ खाली ती तक्रार झाली, त्याची जागा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ ने घेतली आहे.

दाद मागण्याचे मार्ग

संमतीच्या आदेशाने व्यथित झालेल्या व्यक्तीला कलम २८ नुसार ३० दिवसांत अपील प्राधिकरणाकडे जाता येते. त्या निर्णयाविरुद्ध हरित न्यायाधिकरणाकडे अपील होते. महाराष्ट्रासाठी त्याचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुणे येथे आहे. पर्यावरणविषयक इतर वादांत न्यायाधिकरणाकडे मूळ अर्ज कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. पुरेसे कारण दाखविल्यास आणखी ६० दिवस मिळतात. नुकसानभरपाई मागितली नसल्यास अर्जाचे शुल्क १,००० रुपये असून वकिलाशिवाय स्वतः बाजू मांडता येते.

फौजदारी तक्रारीचा मार्ग कलम ४९ मध्ये आहे. मंडळाला ६० दिवसांची नोटीस दिल्यानंतर कोणतीही व्यक्ती थेट न्यायालयात तक्रार करू शकते, आणि मागणी केल्यास मंडळाने आपल्याकडील संबंधित अहवाल तिला द्यावे लागतात. सार्वजनिक हिताच्या कारणास्तव मात्र ते नाकारण्याची मुभा मंडळाला आहे.